जुन्या दारावरची पाटी

घर बदलताना आपण किती काळजी घेतो, नाही का? दूधवाल्याला सांगतो, पेपरवाल्याला सांगतो, गॅसच्या एजन्सीत जाऊन पत्ता बदलून घेतो. शेजारच्या काकूंना तर दोनदोनदा बजावतो, की कुणी विचारत आलं तर नवं घर दाखवा हं! आणि इतके करूनही वर्षभर एखादी लग्नपत्रिका जुन्या घरीच जाऊन पडते ती पडतेच. हे सगळे कळत असूनही, २०२४ च्या गुढीपाडव्याला मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आमच्या दुकानाची चौसष्ट दारे एका रात्रीत बदलली, आणि कुणाला म्हणून सांगितले नाही.

दुकान म्हणजे इंटरनेटवरचे, बरं का. नाहीतर तुम्ही बाभुळगावच्या बाजारात चौसष्ट दारांचे दुकान शोधत बसाल! मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, सकाळचे तीन तास. उरलेला दिवस मसाले, पापड, कुरोड्या, मूगवड्या, तुरीची डाळ आणि वायगावची हळद. २०२० साली टाळेबंदीत हाताला काम हवे म्हणून आम्ही दोघी जावांनी हे सुरू केले, पुढे बचतगटातल्या पाचजणी आल्या आणि २०२१ मध्ये यवतमाळच्या एका ओळखीच्या मुलाने आम्हाला दुकान करून दिले. पहिले सहा महिने दिवसाला एक ऑर्डर आली तरी आम्ही पेढे वाटायच्या बेतात असायचो. मग हळूहळू जम बसला. विशेष म्हणजे आमचे हळदीचे पान. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून शहरातल्या बायका ती नाव घेऊन मागतात. गूगलवर कुणी 'वायगाव हळद' असे शोधले की आमचे पान पहिल्या चार-पाचांत दिसायचे. त्यासाठी आम्ही जाहिरातीवर एक रुपया खर्च केलेला नव्हता! मी फक्त मन लावून लिहिले होते, की ही हळद कशी शिजवतात, कशी वाळवतात, दुधात किती घालावी. ते वाचून कुणी पाककृतीच्या पानावर आमचा दुवा दिला, कुणी व्हिडिओखाली दिला. दिवसाला बारा-पंधरा ऑर्डरी उन्हाळ्यात ठरलेल्या.

त्या भरवशावर मार्चमध्ये जाऊबाईंनी पोस्टातली आर. डी. मोडून दोन क्विंटल हळद घेतली. अर्धे पैसे रोख दिले, अर्धे शेतकऱ्याला दसऱ्याला द्यायचे ठरले.

आणि पाडव्याला तो मुलगा आला. "काकू, दुकान जुनाट दिसतंय तुमचं, नवं करून देतो," म्हणाला. खरोखर छान केले हो त्याने. फोटो मोठे, रंग मोहक, अगदी नवरीसारखे सजवले. जाता जाता म्हणाला, "आणि तुमचे पत्ते फार गचाळ होते, तेपण सुधारलेत." म्हणजे काय, तर आधी प्रत्येक पानाच्या पत्त्यात नुसता आकडा असायचा, हळदीचा सत्तेचाळीस. आता आकड्याच्या जागी 'वायगाव-हळद' असे छान नाव आले होते. मला तर कौतुकच वाटले.

अक्षय तृतीया आली तरी फोन गप्प. गच्चीवर कुरोड्यांचे वाळवण, घरात हळदीची पोती, आणि दिवसाला तीन ऑर्डरी. जाऊबाई म्हणायच्या, "काहून वं, लोकायनं हळद खाणं सोडलं का काय?" मी म्हणे, निवडणुकीचे दिवस आहेत, ऊन आहे, लग्नसराई आहे. कारणांना काय तोटा!

खरे कारण कळले ते पुण्याच्या एका बाईंच्या फोनने. आमच्या हळदीच्या पाकिटावर तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापलेला असतो. तो मोबाइलपुढे धरला, की हळदीचे पान उघडते. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं दुकान बंद झालं का? पाकिटावरचा कोड लावला तर 'पान सापडत नाही' असं येतंय." मी स्वतः लावून पाहिला. खरेच की! त्या कोडमध्ये जुना पत्ता होता. आणि तसली पंधराशे पाकिटे आम्ही आधीच छापून, अर्धीअधिक विकून बसलो होतो.

आता यात नेमके बिघडले काय, ते मला जसे समजले तसे सांगते. गूगलसारखे शोधयंत्र आपले दुकान असे एकगठ्ठा ओळखत नाही. ते ओळखते एकेका पानाचा पत्ता. त्याचे यांत्रिक हरकारे सतत पाने वाचत फिरतात आणि कुठल्या पत्त्यावर काय आहे याची नोंद ठेवतात. त्या पत्त्याकडे इतर कोण बोट दाखवते हेही पाहतात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी १९९८ साली गूगल काढले ते याच कल्पनेवर, की एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे शिफारस करणे. आज शोधाच्या क्रमात आणखी पुष्कळ गोष्टी जमेस धरतात, पण शिफारशीचे मोल अजून आहे. तर आमच्या हळदीने तीन वर्षांत कमावलेले सगळे नाव जमा होते ते 'सत्तेचाळीस'च्या नावावर. 'वायगाव-हळद' हे पान गूगलच्या लेखी काल जन्मलेले! आणि सत्तेचाळीसवर हरकारा गेला, तर आतून उत्तर काय मिळायचे? 'चारशे चार.' म्हणजे इथे असे कुणी राहत नाही. दोनचारदा असे ऐकून त्यानेही नोंद खोडली. त्याची काय चूक?

टपालखात्याकडे बघा. घर बदलले तर पोस्टात अर्ज देऊन जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या पत्त्यावर वळवून घेता येतात. पिनकोड तर आपल्याच एका मराठी माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकरांची देणगी. टपालखात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला, पण म्हणून गावांची नावे कुणी पुसली नाहीत. आजही घाईत पिन लिहायचा राहिला तर पत्र उशिरा का होईना, बहुधा पोचते. आमच्या यवतमाळचेही तसेच. इंग्रजांच्या दप्तरात त्याचे स्पेलिंग 'येओतमाळ' असे काहीतरी चमत्कारिक होते, जुन्या कागदांवर अजून दिसते. पण तो कागद घेऊन गेले तर कचेरीत कुणी "असा जिल्हाच नाही" म्हणत नाही. माणसाला कळते, की हे तेच. यंत्राला सांगावे लागते.

सांगायची रीतही अगदी साधी आहे. जुन्या पत्त्यावर एक अदृश्य पाटी लावायची: 'बिऱ्हाड कायमचे हलवले, नवा पत्ता अमुक.' संगणकाच्या भाषेत हिला 'तीनशे एक' म्हणतात, किंवा 'परमनंट रिडायरेक्ट'. गिऱ्हाईक जुन्या पत्त्यावर आले की क्षणात नव्या पानावर पोचते, त्याला कळतसुद्धा नाही. आणि शोधयंत्र जुन्या पत्त्याची पुण्याई नव्याच्या खात्यावर चढवते. याची एक बहीण आहे 'तीनशे दोन', तिचा अर्थ 'तात्पुरते गावाला गेलो आहोत.' गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच, नजरेला फरक दिसत नाही. पण तात्पुरते म्हटले, की जुना पत्ताच खरा धरून ठेवायचा हे यंत्राला साहजिक वाटते. म्हणून कायमचे जायचे असेल तर तीनशे एकच लावून घ्यावी आणि ती खरेच तशी लागली आहे का, हे करणाऱ्याकडून पडद्यावर दाखवून घ्यावे. संकोच करू नये. साडीचा काठ आपण उलटून बघतोच की नाही?

मुलाला बोलावले. बिचारा ओशाळला आणि घाईघाईत त्याने दुसरी चूक केली. चौसष्टच्या चौसष्ट जुने पत्ते त्याने दुकानाच्या पहिल्या पानावर वळवले. म्हणजे पापड मागायला आलेल्यालाही अंगणात आणून सोडायचे, आणि लोणचे मागणाऱ्यालाही अंगणातच. गिऱ्हाईक कशाला शोधत बसते? आणि गूगलही असल्या पाटीला पाटी मानत नाही, 'इथे काही नाही' असेच धरते. ही चूक फार जणांकडून होते असे नंतर कळले. झटपट होते ना!

मग मात्र मी शाळेची एक कोरी वही घेतली. मास्तरीण शेवटी! मधोमध रेघ ओढली, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. जुने पत्ते आणायचे कुठून? गूगलचे 'सर्च कन्सोल' म्हणून दुकानदारांसाठी फुकट खाते असते, त्यात मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब राहतो, की कुठल्या पानावर किती लोक शोधातून आले. ते खाते सुदैवाने आम्ही पहिल्यापासून उघडून ठेवले होते. (तुमचे नसेल तर आज उघडा.) बाकीचे सापडले जाऊबाईंच्या व्हॉट्सॲपमध्ये, गिऱ्हाइकांना पाठवलेल्या जुन्या निरोपांत. दोनचार अगदीच हरवलेले होते, ते इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या जुन्या पानांच्या साठ्यात मिळाले. तिला 'वेबॅक मशीन' म्हणतात. तिथे आपल्या दुकानाचे नाव घातले, की पूर्वी ते कसे दिसत होते ते दिसते. आमचे जुने पिवळे-हिरवे दुकान पाहून जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. "हेच बरं होतं वं," म्हणाल्या.

चौसष्टपैकी एक्कावन्न सरळ होते, याचे ते. सहा पाने होती एकाच लोणच्याच्या लहानमोठ्या बरण्यांची, ती सगळी नव्या एका पानावर वळवली. उरलेले सात पदार्थ आम्ही बंदच केले होते. त्यांतल्या पाचांना जवळचे नातेवाईक होते, उदाहरणार्थ मोठ्या उडीद पापडाचा पत्ता साध्या उडीद पापडाकडे. दोघांना कुणीच नव्हते. गेल्या वर्षीच्या राख्या आणि एका शिबिराची माहिती. त्यांना 'नाही'च राहू दिले. मात्र त्या 'नाही'च्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या, की हे आता मिळत नाही, पण या ना, आमच्याकडे आणखी काय आहे ते पाहा. आणि खाली शोधायची जागा दिली. दारात आलेल्याला नुसते "नाही" म्हणून दार लावून घेणे बरे दिसत नाही.

वटपौर्णिमेच्या आदल्या रात्री त्या मुलाने वहीप्रमाणे एकेक पाटी लावली. आम्ही दोघी शेजारी बसून जुना पत्ता वाचून दाखवत होतो, तो उघडत होता, बरोबर नव्या जागी गेला की जाऊबाई तांबड्या पेन्सिलीने खूण करीत होत्या. वीज दोनदा गेली. बारा वाजून गेल्यावर संपले. त्याच बैठकीत आणखी दोन कामे उरकली. दुकानातल्या दुकानात एका पानावरून दुसऱ्यावर जायचे जे दुवे होते, ते अजून जुन्याच पत्त्यांचे होते, ते थेट नवे केले. घरातल्या माणसांनी तरी पाटी वाचत का फिरावे? आणि सगळ्या नव्या पत्त्यांची यादी, तिला 'साइटमॅप' म्हणतात, ती सर्च कन्सोलमध्ये दिली. इन्स्टाग्रामवरचा आणि व्हॉट्सॲपच्या यादीतला पत्ता दुसऱ्या दिवशी मीच बदलला.

एक गोष्ट तेव्हा राहून गेली होती, ती पुढे लक्षात आली. पाटीवरून पाटी लावू नये. म्हणजे सत्तेचाळीस वरून एका पानावर, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, अशी साखळी करू नये. पुन्हा नाव बदलायचे झाले तर सगळ्यांत जुन्या पत्त्यावरची पाटी काढून थेट शेवटच्या घराकडे लावावी. चार ठिकाणी पिटाळले की पाहुणा वैतागतो, हरकारा तर दहाव्या वळणानंतर मागेच फिरतो.

पाट्या किती दिवस ठेवायच्या? गूगलचे म्हणणे निदान एक वर्ष, आणि जमले तर कायम. मी कायमच म्हणेन. पुण्याच्या बाईंकडे ते पाकीट अजून डब्यात असेल, त्याचा कोड कधी लावतील काय सांगावे? नवी पाकिटे छापताना मी कोडसाठी एक वेगळाच छोटा पत्ता आमच्याच दुकानाच्या नावाखाली करून घेतला. तो कधी बदलायचा नाही. तो कुठे नेईल ते मात्र आतून आम्ही बदलू शकतो.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप बायकांच्या दुकानापुरताच. छे हो! मोठमोठ्यांना हे करावे लागते. खोट्या नावाच्या पत्त्यांवरून लोकांची फसवणूक होऊ लागली, म्हणून रिझर्व्ह बँकेने देशातल्या सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली आपली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात आली. एवढ्या लोकांचा रोजचा व्यवहार! कितीतरी बँकांचा जुना पत्ता घातला तरी आपण आपोआप नव्या दारात पोचतो, ते याच पाटीमुळे. मात्र अशा वेळी निरोपात आलेल्या दुव्यावर बोट न लावता पत्ता स्वतः लिहावा, ही माझी जाता जाता सूचना.

आणि मुळात बदलायची गरज आहे का, हेही एकदा स्वतःला विचारावे. माझी नणंद छत्रपती संभाजीनगरला असते, हिमरू शालींचे छोटे दुकान चालवते, तेही इंटरनेटवर. २०२३ साली शहराचे नाव बदलले आणि तिच्या प्रत्येक पानाच्या पत्त्यात 'औरंगाबाद' होते. तिने काय केले? पत्ता तोच ठेवला आणि आतल्या मजकुरात, मथळ्यात नवे नाव घातले, जुने कंसात ठेवले, कारण शाल शोधणारे परगावचे लोक अजून दोन्ही नावांनी शोधतात. तिचे एक गिऱ्हाईक हलले नाही. मुंबईत नाही का, स्टेशनचे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये पुन्हा बदलले, तरी टॅक्सीवाल्याला व्ही. टी. म्हटलेले कळते. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एक टिपण लिहून बजावले होते, की चांगला पत्ता तो, जो बदलत नाही. आमचा आकडी पत्ता दिसायला गचाळ होता खरा, पण त्याने कुणाचे काय बिघडवले होते? नावाचे पत्ते थोडे बरे, हे मान्य. नवे दुकान काढणारीने पहिल्यापासून तसेच करावेत. पण जुने, चालते पत्ते केवळ देखणेपणासाठी मोडू नयेत असे माझे मत झाले आहे.

नव्याने काढणार असाल तर आणखी एक. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण पत्त्यात देवनागरी घालण्याआधी विचार करा. 'हळद' ही तीन अक्षरे पत्त्यातून उचलून दुसरीकडे डकवली, की बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली सत्तावीस अक्षरांची माळ होते. ती पाहून गिऱ्हाइकाला वाटते, हे काही फसवे तर नाही? आम्ही पत्ता रोमन लिपीत ठेवला, शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ दिली आणि पानावरचा सगळा मजकूर मात्र मराठीत. आणि दुकानाचे मूळ नावच बदलायचे झाले, तर जुन्या नावाचे वार्षिक पैसे भरत राहा. ते सुटले, की ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो, मग पाटी तर जातेच, वर आपल्या नावावर तो काय विकेल याचा नेम नाही. सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदल कळवायची सोय आहे ती अशा मूळ नावाच्या बदलासाठीच. आमच्यासारख्या नुसत्या पानांच्या बदलाला ती लागत नाही.

आमचे पुढे काय झाले? साधारण लहान दुकानाला स्थिर व्हायला काही आठवडे लागतात म्हणे. आम्ही दोन महिने दार मोकळे टाकलेले, त्यामुळे जास्त लागले. आषाढात पापड परत दिसू लागले. हळदीचे पान गणपतीच्या सुमारास पहिल्या पानावर आले, पण पूर्वी चौथे असायचे ते आता आठवे-नववे. लिंबाचे लोणचे काही परत वर आले नाही, त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली ती घेतलीच. उन्हाळ्याचा हंगाम गेला तो गेला, पाचजणींना त्या तीन महिन्यांत निम्मीच मजुरी देता आली, आणि ते आठवले की मला अजून वाईट वाटते. दिवाळीच्या मसाल्यांनी थोडे सावरले. वायगावच्या शेतकऱ्याचे पैसे दसऱ्याला ठरल्याप्रमाणे दिले. त्यासाठी जाऊबाईंनी घरखर्चातून किती ओढाताण केली ते मी इथे सांगत नाही. आर. डी. पुन्हा सुरू व्हायला मात्र पुढची संक्रांत लागली.

वही आता मसाल्याच्या डब्यांवर ठेवलेली असते, तेलाचे डाग पडलेत तिला. यंदा कैरीचा छुंदा बंद करायचे ठरले, तेव्हा मी मुलाला फोन लावायच्या आधीच जाऊबाईंनी ती खाली काढली आणि डावीकडच्या रकान्यात छुंद्याचा पत्ता स्वतः उतरवून घेतला. उजवीकडे काय लिहायचे यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हणत होते गोड लोणचे, त्या म्हणत होत्या साखरांबा. शेवटी साखरांबा लिहिला.